शोबालच्या कपाळावरची ज्योत

एका राज्यात माणसांपेक्षा मेंढरं जास्त होती आणि मेंढरांपेक्षा भावाभावांची भांडणं जास्त. कुरण कुणाचं, विहीर कुणाची, बापामागे त्याची काठी कुणाच्या हाती, यावरून तिथे रोज डोकी फुटत. मग राजाचं घर तेवढं कसं सुटणार? राजा अदोराम मोठा प्रतापी. तंबू त्याचा देवदाराच्या खांबांचा, कळप त्याचे डोंगर झाकून टाकणारे. पण त्याला झाले जुळे! राणीने दोघांची तोंडं पाहिली आणि डोळे मिटले. सुइणीने आधी आलेल्याच्या मनगटाला लाल लोकर बांधली, म्हणून तो एदेर थोरला. मागून आला तो शोबाल, धाकटा. चुलीवरचं दूध उतू जायला लागतो, तेवढाच काय तो वेळ मध्ये गेला असेल. पण तेवढ्यावर राज्य ठरलं.

एदेर अंगाने दांडगा, डोक्याने तापट, मनाने भोळा. चालायला लागला तसा राजा त्याला कळपात नेऊ लागला. मेंढा मांडीत कसा धरावा, कातर कातडीलगत कशी फिरवावी, लोकर कुठेही न तोडता अंगरख्यासारखी एकसंध कशी उतरवावी, हे राजाने आपल्या हातात त्याचा हात घेऊन शिकवलं. शोबाल मात्र जन्माचा किडकिडीत. त्याला ऊन सोसेना, वारा सोसेना. तो दायांच्या पदराआड वाढला. 'धाकटा कुठे आहे?' असं राजाने कधी विचारल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. पोरगा हुशार होता, गोड बोलायचा आणि आतल्या आत धुमसायचा.

आता त्या राज्याची एक रीत होती, ती नीट ऐका, कारण सगळा घोळ तिच्यापायीच झाला. कातरणीच्या सणाला थोरला राजपुत्र पहिला मेंढा कातरी. मग झऱ्यावर हात धुऊन तो एकटाच बापाच्या तंबूत जाई. बाप डावा हात त्या लोकरीवर ठेवी, उजवा मुलाच्या डोक्यावर, आणि वारसशब्द देई. शब्द दिला की मुलाच्या कपाळावर बोटभर ज्योत पेटे. ती भाजत नसे आणि वाऱ्याने विझत नसे. ज्याच्या कपाळी ज्योत, तो राजा. दिलेला शब्द खुद्द देणाऱ्यालाही मागे घेता येत नसे.

अदोराम म्हातारा झाला, त्याची दृष्टी गेली. तेव्हा त्याने कातरणीचा दिवस ठरवला. एदेरने मेंढा असा कातरला की पाहणाऱ्यांनी तोंडात बोट घातलं. लोकर तंबूच्या दाराशी ठेवून तो हात धुवायला झऱ्यावर गेला. तिथे गडी भेटले, थट्टामस्करी झाली, पाणी उडवाउडवी झाली. इकडे शोबालने ती लोकर उचलली आणि तो आत गेला.

राजाने लोकर चाचपली. कुठे तुटलेली नाही, कुठे गाठ नाही.

"आवाज का बसलाय तुझा?" राजा म्हणाला. "एदेरच ना रे?"

"होय बाबा," शोबाल म्हणाला.

कानाला शंका आली होती, पण जन्मभर मेंढरं कातरलेला माणूस तो! त्याचा भरवसा बोटांवर. बोटं म्हणाली हा एदेर, आणि त्याने शब्द दिला. शोबाल बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर ज्योत होती. सरदार-दरकदार चपापले, एकमेकांकडे पाहू लागले. पण ज्योत ती ज्योत. एकेकाने मान लववली.

तेवढ्यात ओल्या हातांनी, घाईघाईत कुणाकडेही न बघता एदेर तंबूत शिरला. "बाबा, आलो मी. ठेवा हात."

राजाचा चेहरा पांढराफटक पडला. "मग आत्ता कोण..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं, आणि त्याची जीभ दगडाची झाली. फसवून शब्द काढून घेतला, की देणाऱ्या जिभेचा दगड होतो, असा त्या राज्याला जुना शापच होता.

एदेर बापाच्या पायांशी कोसळला. दाढीमिश्यांचा एवढा बाप्या, पण लहान मुलासारखा हंबरडा फोडून रडला. "बाबा, माझ्यासाठी काहीच उरलं नाही का हो? एक शब्द तरी? अर्धा तरी?" आंधळ्या डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण दगड काय बोलणार?

एदेरला गादी हवी होती, खोटं कशाला बोला. पण गादीहून जास्त हवा होता तो बापाच्या तोंडचा शब्द. ज्याच्यामागे जन्मभर उन्हातान्हात हिंडलो, त्याने आपलं नाव घेऊन काय म्हटलं असतं, हे त्याला कळायला हवं होतं. त्यावाचून त्याला चैन पडेना.

आणि शोबाल? आयत्या बिळावर नागोबा होऊन तो गादीवर बसला. विहिरी काठोकाठ भरल्या. मेंढ्यांना जुळी झाली. कोठारं ओसंडली. पण पहिल्याच जेवणाला कळलं की अन्न पोटात जातंय आणि भूक तशीच राहतेय. शोबाल ताटावर ताट संपवी आणि उपाशी उठे. मग साऱ्या राज्याची तीच गत झाली. बायका भाकऱ्या थापून थकल्या, माणसं खाऊन थकली, आणि पोरं भुकेने रडतच राहिली. भरल्या घरात उपासमार, दुसरं काय!

एदेर पेटून उठला. तलवार उपसून तो निघाला, तोच देवदाराच्या फांदीवरून एक डोमकावळा बोलला. त्याचं नाव ओरेब. जिभेला हाड नसलेला पक्षी तो, आणि त्या राज्यातले सगळे कावळे बोलत असल्याने एदेरला त्याचं नवल वाटलं नाही.

"राजपुत्रा, कुठे निघालास?"

"भावाचा गळा चिरायला."

"चीर की! ज्योत त्याच्याबरोबर विझेल. बापाची जीभ दगडाचीच राहील. राज्य उपाशी मरेल, आणि तू एका मढ्याचा थोरला भाऊ होशील. चांगला सौदा आहे."

एदेरचा हात खाली आला. "मग मी काय करू?"

"मिठाच्या डोंगरात सिल्ला नावाची मांत्रिकीण राहते. दगड झालेल्या जिभा तीच सोडवते. चल, वाट दाखवतो. मलाही इथे खाऊन पोट भरत नाहीच आहे."

मिठाचा डोंगर उन्हात डोळे दिपवत होता. खाली गुहा, गुहेत मडक्यांच्या उतरंडी, आणि मडक्यामडक्यात लोकांचे गमावलेले शब्द कुजबुजत होते. त्या खजिन्याला जबरीने हात लावणारे दोघे-चौघे दाराशीच उभे होते, मिठाचे पुतळे होऊन. एदेरने आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले आणि वाकून नमस्कार केला.

"आजी, माझ्या बापाची जीभ सोडवा."

सिल्लाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तीन वस्तू आण. तंट्याच्या विहिरीचं पाणी. आगीच्या मेंढ्याची लोकर, एकसंध. तिसरी वस्तू या दोन आणल्यास तर सांगेन."

तंट्याच्या विहिरीवर मोठी शिळा झाकलेली असे, आणि ती पाण्यावर आलेल्या सगळ्या मेंढपाळांनी मिळून उचलावी लागे. पण मिळून काही करतील तर ते मेंढके कसले! त्या विहिरीपाशी कुणाच्या तोंडून वाकडा शब्द निघाला, की पाणी तळाला जाई. एदेर तिथे पोचला, तो एका दाढीवाल्याने त्याला ओळखलं.

"अरे, हात धुवायला गेला आणि राज्य धुऊन बसला, तो हाच का रे?"

सगळे खदखदा हसले. एदेरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मूठ वळली, शिवी ओठापर्यंत आली. विहिरीत पाणी गुडगुडलं आणि खाली सरकू लागलं. त्याने शिवी गिळली. कडू होती, पण गिळली.

"हो बाबा, तोच मी," तो म्हणाला. "हात मात्र स्वच्छ निघाले. आता जरा शिळेला हात लाव."

दाढीवाला पोट धरधरून हसला आणि शिळेला भिडला. त्याचं पाहून दुसरा आला, तिसरा आला. शिळा सरकली. पाणी काठापर्यंत वर आलं. एदेरने आधी सगळ्यांची तहानलेली मेंढरं पाजली आणि मग आपली पखाल भरून घेतली.

"शिवी पचवलीस?" ओरेबने विचारलं. "तू? आजचा दिवस लक्षात ठेवायला हवा."

आगीचा मेंढा उघड्या माळावर उभा होता. त्याच्या अंगावरची लोकर धडधड जळत होती आणि संपत नव्हती. जाळी घेऊन, भाले घेऊन आलेल्या वीरांची राख आसपास उडत होती. एदेरने भाल्याकडे पाहिलं नाही, मेंढ्याकडे पाहिलं. मेंढा धापा टाकत होता. त्याची जीभ बाहेर लोंबत होती.

"अरेरे! तुला जन्मात कुणी कातरलंच नाही होय?" एदेर म्हणाला. "भर उन्हाळ्यात एवढं पांघरून कोण हिंडतं, बाबा? ये इकडे."

बोलत बोलत तो जवळ गेला आणि मेंढ्याला त्याने मांडीत घेतलं. भुवया जळाल्या, दाढी करपली. पण कातर कातडीलगत चालली तशी लोकर तिच्यामागे निवत गेली आणि साधी पांढरी होऊन खाली पडत गेली. कातरता कातरता एदेरला आपले हात दिसेनात, बापाचे दिसू लागले. तोच अंगठा, तेच मनगटाचं वळण. त्याचे डोळे भरून आले, पण कातर त्याने थांबवली नाही. लोकर एकसंध उतरली.

मेंढा उठला, अंग झाडून म्हणाला, "उपकार झाले," आणि चरायला निघून गेला.

सिल्लाने पाणी पाहिलं, लोकर पाहिली. "आता तिसरी वस्तू. तुझ्या भावाच्या डोळ्यातला एक थेंब. भीतीने आलेला चालायचा नाही. भुकेने आलेलाही नाही. तुझ्यासाठी आलेला हवा."

एदेर उसळला. "आजी, पहिली दोन कामं माझ्या हातची होती. हे त्याच्या डोळ्यांचं आहे! तो चोर माझ्यासाठी कशाला रडेल?"

"म्हणून तर शेवटी ठेवलं," सिल्ला म्हणाली आणि आत निघून गेली.

एदेर येतोय ही खबर त्याच्याआधी राजधानीत पोचली. चोराच्या मनात चांदणं! शोबालने वाटेवर नजराणे धाडले. आधी शेळ्यांचे कळप, मग मेंढरांचे, मग उंट. प्रत्येक कळपामागचा गडी लोटांगण घाली आणि म्हणे, "थोरल्या धन्यांना धाकट्याकडून."

"मला शेळ्या नकोत," एदेर प्रत्येकाला सांगे. "मला शोबाल हवा."

शेवटी शोबाल स्वतःच वेशीबाहेर आला. सैन्य त्याने मागे ठेवलं होतं. कपाळावर ज्योत लखलखत होती आणि तिच्या उजेडात त्याच्या गालांची हाडं वर आलेली दिसत होती. एदेरने त्याला ओळखलंच नाही पटकन. शोबाल पुढे येऊन गुडघ्यांवर बसला.

"दादा, मार. मी हात उचलणार नाही."

"मारीन सावकाश. आधी सांग, का केलंस?"

शोबालने कपाळावरच्या ज्योतीला बोट लावलं. मग म्हणाला, "राज्यासाठी केलं नाही, दादा. तो हात डोक्यावर आला की कसं वाटतं, ते एकदा बघायचं होतं. तुला रोज मिळायचा. मला कधीच नाही."

"आणि? मिळाला ना?"

"हात मिळाला. पण बाबांनी नाव तुझं घेतलं. एवढ्या प्रेमाने घेतलं, दादा, की मी तिथेच मेलो. तेव्हापासून ही ज्योत माझ्या कपाळावर तुला शोधते, आणि तू काही माझ्यात सापडत नाहीस. मी कितीही खाल्लं तरी जेवतोय कोण, हेच तिला कळत नाही."

एदेर त्याच्याकडे पाहत राहिला. किती वर्षं एका तंबूत वाढलो, आणि या पोराच्या डोक्यावर कुणाचाच हात नाही, हे आपल्याला कधी दिसलं नाही? त्याला लाज वाटली. राग होता, पण आता त्याला धरायला जागा सापडेना. सिल्लाचा थेंब तो साफ विसरला. त्याने भावाला बखोटीला धरून उभं केलं आणि छातीशी आवळलं.

"उपाशी राहिलास रे," तो म्हणाला. "केवढा वाळलास!"

तेव्हा शोबालच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते थांबेना. एदेरही रडू लागला. दोघे भर रस्त्यात गळ्यात गळा घालून रडत उभे राहिले.

"अहो, एखादं अक्रोडाचं टरफल तरी धरा कुणीतरी!" ओरेब किंचाळला. "सगळं वाया चाललंय!" आणि कुणी धरीना, तेव्हा चोचीत टरफल धरून त्यानेच तो थेंब झेलला.

मग दोघे भाऊ मिठाच्या डोंगरात गेले. सिल्लाने थेंब पाण्यात सोडला, पाण्यात लोकर भिजवली आणि ती एदेरच्या हातात दिली. "ही बापाच्या जिभेवरून फिरव. जीभ सुटेल. पण नीट ऐक, पोरा. म्हातारा थकलाय. डोक्यावर हात ठेवून एकच शब्द देण्याचं बळ त्याच्यात उरलंय. जो काय मागायचा तो विचार करून माग."

एदेरने लोकर उराशी धरली. वाटभर त्याने ती सोडली नाही. मागून शोबाल चालत होता.

दुपारचं ऊन तंबूवर होतं. बाहेर उपाशी प्रजा कानात प्राण आणून उभी होती. एदेरने बापाचं तोंड उघडलं आणि ओली लोकर जिभेवरून फिरवली. दगड मऊ झाला, ओला झाला, हलला.

"कोण आहे?" राजाने विचारलं. आवाज खरखरीत होता. त्याच्या हाताला लोकर लागली आणि चेहरा उजळला. "ही तर... एदेर! ये, ये बाळा. लौकर ये. माझ्यात फार त्राण नाही."

उजवा हात हवेत उठला आणि डोकं शोधू लागला. एवढ्याचसाठी एदेरने शिवी गिळली होती, आगीत हात घातले होते. एक पाऊल पुढे टाकायचा अवकाश होता. ओरेब खांबावरून पुटपुटला, "जा की, शुंभासारखा उभा काय?"

एदेरने शोबालचा दंड धरला, त्याला ओढून बापापुढे बसवलं आणि तो हात स्वतः त्याच्या डोक्यावर ठेवला.

"लोकर माझी आहे, बाबा. डोकं शोबालचं आहे. याला तुम्ही कधी काही दिलंच नाहीत."

राजा हबकला. "याने मला फसवलं, एदेर. आणि हा शब्द याला दिला तर तुला..."

"माझा तुम्ही दिलात, बाबा. ऐकायला मी नव्हतो, एवढंच. याचा राहिलाय. याचं नाव घेऊन द्या."

राजाची बोटं त्या केसांतून फिरली, कपाळावर आली, खोल गेलेल्या गालांवर थांबली. जन्मभर मेंढरांची पाठ चाचपून ओळखणारा तो माणूस स्वतःच्या मुलाचं डोकं पहिल्यांदा चाचपत होता.

"शोबाल," तो म्हणाला. "माझ्या धाकट्या. तू केलंस ते वाईट. मी केलं तेही वाईटच. तुझी जीभ गोड आहे, ती आजपासून खरी होवो. जिथे दोन भाऊ भांडतील, तिथे तुझा शब्द त्यांची मनं सांधो. तुझं पोट भरो, लेकरा. शोबाल, तुझं पोट भरो."

आपलं नाव ऐकून शोबालने बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. त्याच्या कपाळावरची ज्योत हलली. तिला आता तिथे कुणी धरून ठेवलेलं नव्हतं. ती सुटली, तंबूत एकदा फिरली आणि एदेरच्या कपाळावर जाऊन बसली. आणि बसताना ती बोलली. अदोरामच्या आवाजात बोलली, धडधाकट, कातरणीच्या दिवशीच्या आवाजात, जो शब्द एदेरने ऐकला नव्हता तो.

"एदेर, माझ्या थोरल्या. तुझ्या हातात माझे हात आहेत, आता मी गेलो तरी चालेल. मेंढरं तुला ओळखोत, पाणी तुला भेटो, राज्य तुला पेलो. आणि एक कर, बाळा. शोबालला जवळ घे. त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा माझ्याकडून राहून गेला. आता कोणत्या तोंडाने ठेवू? तू ठेव."

शोबालने हे सगळं आधी एकदा ऐकलं होतं, चोरून, भावाच्या जागी बसून. त्याने मान वर केली नाही. एदेर खाली बसला, आणि बापाचा हात जिथे होता त्याच्याच शेजारी त्याने आपला हात ठेवला.

बाहेर एका बाईने पोराला भाकरीचा तुकडा भरवला. पोराने तो खाल्ला, ढेकर दिली आणि 'पुरे' म्हटलं. मग घराघरांतून 'पुरे, पुरे' असा गलका उठला, आणि ओरेबने कुणाच्यातरी ताटावर झडप घातली.

एदेर गादीवर बसला. शोबाल तंट्याच्या विहिरीवर न्याय करायला बसला, आणि त्याचा निवाडा भांडणाऱ्या दोन्ही भावांना मान्य होऊ लागला. शाप फिटला, जे ज्याचं ते त्याला मिळालं. ज्यांनी ही कहाणी मन लावून ऐकली, त्यांच्या ताटात भाकरी पडो, आणि खाल्लेली अंगी लागो.